खाली नाव लिहा

मी पाटी बोलतेय. मुरुमच्या बस स्टँडसमोर, शांतलिंग अप्पांच्या किराणा दुकानाच्या भिंतीवर टांगलेली काळी पाटी. वय तीन वर्षं. म्हणजे माझ्यासमोरच्या बाकावर बसणारी सगळी मंडळी मला वडीलधारीच, आणि तीच मला सगळ्यात जास्त छळतात.

मी मुळात एका मोडक्या कपाटाचं दार. राजेश्वरीनं मला भंगारातून उचललं, घासलं, काळा रंग दिला. राजेश्वरी एका साप्ताहिकाची बातमीदार. कॉलेज संपवून ती गावी परतली तेव्हा तिला दिसलं, की गाव पुष्कळ बोलतं, पण मान खाली घालून, मोबाइलमध्ये. म्हणून तिनं मला इथं टांगलं आणि एकच नियम केला. बातमी कुणीही लिहावी, पण खाली स्वतःचं नाव लिहावं.

नाव लिहायचं म्हटलं की माणसं किती जपून लिहितात! बाकावरचे हरिबा एकदा घाईघाईनं ‘बिबट्या दिसला’ लिहून गेले, नावापाशी अडले आणि ‘बिबट्या’ पुसून ‘मोठं जनावर’ केलं. ते रानमांजर निघालं. हेच हरिबा बाकावर बसले की मोबाइलवर अंगठ्यानं काहीही पुढं ढकलतात. तिथं नाव कोण विचारतो? ‘जसं आलं तसं पाठवलं’ म्हटलं की झालं.

गेल्या महिन्यात एका सोमवारी असाच एक व्हिडिओ आला. शाळेच्या आवारात एक बाई गटारीच्या पाण्यात भांडी विसळतेय. चेहरा दिसत नाही, नुसती पाठ. वर ओळ, ‘मुरुमच्या शाळेतली खिचडी पाहा.’ खिचडी शिजवते शिवकांता. नऊ वर्षं हेच काम, घरी दोन मुली, मिळवणारी ती एकटी. संध्याकाळपर्यंत गावानं निकाल लावला. शाळेनं तिला निरोप धाडला, ‘शनिवारी समितीची बैठक आहे. तोवर येऊ नका.’

आणि गावच्या ग्रुपवर तो व्हिडिओ टाकला होता खुद्द आमच्या अप्पांनी!

राजेश्वरी भडकली. तिनं ग्रुपवर लिहिलं, ‘डोळे गहाण टाकलेत का सगळ्यांनी?’ झालं! पुढची दीडशे उत्तरं तिच्यावरच. पोरीनं मोठ्यांशी कसं बोलावं, कॉलेजात हेच शिकवतात का, लग्न कधी करणार. तीन दिवस हेच चाललं. शिवकांता राहिली बाजूलाच. गुरुवारी राजेश्वरी माझ्याखालच्या पायरीवर बसून स्वतःशीच पुटपुटली, “भांडणात मी पण तिला विसरले.” मग तिनं तो व्हिडिओ थांबवून, मोठा करून पाहिला. बाईच्या मागच्या भिंतीवर काही अक्षरं होती.

शुक्रवारी सकाळी ती दुकानात शिरली.

“अप्पा, ही भिंतीवरची अक्षरं वाचा.”

“चष्मा घरी हाय.”

“मग सोमवारी कशानं बघितलं?”

बाकावर हरिबा खुदकन हसले.

“लई बोलतीस तू,” म्हणत अप्पांनी गल्ल्यातूनच चष्मा काढला. अप्पांना मराठी येतं, कन्नड येतं, वडिलांनी उर्दूही शिकवलेलं. बराच वेळ ते मोबाइल जवळ-लांब करत राहिले.

“मराठी न्हाय. कन्नड न्हाय. उर्दू बी न्हाय हे.”

“मग मुरुमच्या शाळेत कोण लिहील ते?”

अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग हळूच, “काढून टाकतो की ग्रुपवरनं.”

“लोकांच्या डोक्यातून कोण काढणार? इथं लिहा, पाटीवर.”

“सगळ्या स्टँडसमोर? ह्या वयात?”

“शिवकांताताईंचं काय घरात झाकून झालंय?”

मला वाटलं, आता अप्पा मला भिंतीवरून उतरवणार. पण ते बाहेर आले. खडू घेतला. त्यांनी लिहिलं, ‘गटारीत भांडी विसळणारी बाई शिवकांता नाही. व्हिडिओ आपल्या गावचा नाही. मी नीट न बघता पाठवला. चूक माझी. शांतलिंग.’

एसटीतली माणसं खिडकीतून वाकून वाचायला लागली. हरिबा उठले. “सरक अप्पा, जागा दे. म्या बी पाठवलाय.” संध्याकाळपर्यंत सतरा नावं झाली. नववं समितीच्या अध्यक्षांचं होतं! शनिवारची बैठक दहा मिनिटांत आटोपली.

सोमवारी सकाळी शिवकांता कामावर निघाली. माझ्यासमोर थांबली, सगळं वाचलं आणि तळव्यानं स्वतःचं नाव पुसून टाकलं.

अप्पा गडबडले. “बाई, माफीच हाय की ती.”

“व्हय. पण गटारीशेजारी माझं नाव माझ्या पोरींनी रोज वाचायचं का? तुमची नावं ऱ्हाऊ द्या.” तिनं हात झटकले. “चला, तांदूळ धुवायचेत.”

ती गेली आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

वाचकहो, मुरुमला उतरलात तर मला जरूर वाचा. खालच्या अर्ध्या भागात रोजच्या बातम्या असतात. वरची ओळ राजेश्वरीनं तशीच ठेवलीय, मधे मोकळी जागा सोडून. परवा एक पाहुणा एसटीतून उतरला, ती ओळ वाचली आणि बाकाकडे वळून म्हणाला, “कोण बाई हो ही?”

ज्यांच्या पोटात कधी काही राहिलं नाही, त्या माझ्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

“कुणी न्हाय,” हरिबा म्हणाले. “बसा. चहा घ्या.”