जमिनीपासून चार फूट

जगनने जांभळं कापड दोन्ही हातांनी धरलं, पाय उचलले आणि अंगाचं सगळं वजन त्यावर टाकलं. वर लोखंडी तुळईला त्यानेच वेल्डिंग करून बसवलेले दोन्ही हुक जरासुद्धा कुरकुरले नाहीत. तरी शेजारच्या कापडालाही तो तसाच लोंबकळून आला. सतरंजीवर बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पुनम मॅडमना याचं नवल नव्हतं. चार महिने दर शनिवारी त्या हे बघत होत्या.

मॅडम मूळच्या कळमनुरीच्याच. पुण्यात आठ वर्षं योग शिकवून त्या परतल्या आणि घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये त्यांनी मुलांचा हा वर्ग काढला. तुळईला झोळीसारखं कापड टांगायचं, त्यात बसायचं, उभं राहायचं, आणि हात-पाय धीट झाले की उलटं लोंबकळायचं. हुक बसवायला त्यांनी जगनला बोलावलं, तेव्हा त्याची नऊ वर्षांची शिवकन्याही सोबत होती. तो हत्यारं गोळा करेपर्यंत ती एका कापडात जाऊन बसली आणि डोळे मिटून झुलत राहिली. मॅडमनी तिला वर्गात घेतलं.

शिवकन्या गुणी पोरगी. हिचा कधी आवाज नाही, हट्ट नाही, म्हणून गल्लीत तिचं कौतुक व्हायचं. जगनलाही त्याचा अभिमान होता, तो दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीपर्यंत. त्या दिवाळीत तीन दिवस तिचं पोट दुखत होतं आणि तिने कोणाला कळूच दिलं नाही. चौथ्या दिवशी रांगोळी काढता काढता ती तिथेच आडवी झाली. नांदेडला नेईपर्यंत अपेंडिक्स फुटलं होतं. आणखी उशीर झाला असता तर आमच्याही हातात काही राहिलं नसतं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ती बोलायला लागल्यावर जगनने पहिली गोष्ट हीच विचारली, की माय, सांगितलं काहून न्हाई?

"तुमी कामात व्हते, पप्पा."

तेव्हापासून तो दिवसातून दहादा विचारायचा, काही दुखून राहिलं का? उत्तर ठरलेलं असायचं, न्हाई. त्या उत्तरावर त्याचा विश्वास उरला नव्हता. ती घास कसा गिळते, पाऊल कसं टाकते, हे तो चोरून बघत राहायचा.

आज मुलं पालकांसमोर आसनं करून दाखवत होती. शिवकन्येचा नंबर शेवटचा. ती कापडात बसली, मागे रेलली, पाय कापडाभोवती गुंतवून सावकाश उलटी झाली. वेणी खालच्या गादीला टेकली. मग तिने दोन्ही हात सोडले. दहापर्यंत तसंच राहायचं होतं. मुलांनी एकसुरात अंक म्हणायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार.

"मॅडम, मला उतरवा."

आवाज मोठा नव्हता, पण शेडभर ऐकू गेला. अंक थांबले.

"डोकं गरगरून राहिलं. आता न्हाई होत."

सहाच तर राहिले, असं मागून कोणीतरी म्हणालं. एका आजोबांनी तिला धीर द्यायला टाळ्याही वाजवल्या. थांब माय, थोडंच राहिलं, हे शब्द जगनच्याही ओठांवर आले होते. ते तिथेच अडले. मॅडमनी तोवर तिच्या पाठीखाली हात घालून तिला उचललं होतं, पाय मोकळे करून गादीवर बसवलं होतं.

"उलटं व्हायला ही आठवड्यात शिकली," त्या पालकांना म्हणाल्या. "हे सांगायला तिला चार महिने लागले."

जगन भिंतीला टेकून खाली बसला. रुमालाने आधी मान पुसली, मग डोळे. थोड्या वेळाने शिवकन्या पाण्याचा पेला घेऊन आली आणि त्याला खेटून बसली. दुखून राहिलं का, हे त्याने विचारलं नाही.

परतताना मोटारसायकलवर मागे बसून ती बोलत होती. नवी चप्पल अंगठ्याला चावून राहिली. ऊन लई लागून राहिलं. समोसा पाहिजे, पण मागच्या वेळेसारखा गार नको. पप्पाच्या शर्टाला जळक्या लोखंडाचा वास येतो, तो तिला मुळीच आवडत नाही.

"व्हय," जगन म्हणत होता. "बराबर."

घराकडचं वळण आलं, तरी तिचं सांगणं संपलं नव्हतं. त्याने गाडी सरळ पुढे नेली.