कुटारामागचा रांजण

मी एक गप्पी मासा बोलतोय. नावावरून मी बडबड्या असेन असं वाटेल, पण सध्या माझ्याशी बोलायला कुणी नाही, म्हणून तुम्हालाच हाक मारली.

माझा जन्म कारंजा तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रामागच्या हौदातला. डासांच्या आळ्या हे आम्हा गप्प्यांचं आवडतं खाणं, त्यामुळे सरकारदरबारी आम्हाला थोडा मान आहे. ‘गप्पी मासे पाळा, डेंग्यू टाळा’ असं भिंतीभिंतीवर लिहिलेलं असतं. भिंतीवर नाव आलं तरी घरात कुणी पाहुणचार करत नाही, हेही तितकंच खरं.

आरोग्यसेविका सुकेशनी सिस्टरनी एका सकाळी आम्हाला प्लास्टिकच्या पिशवीत घालून धनज गावाजवळच्या वस्तीत नेलं आणि कमलीबाईच्या अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यात सोडलं. कमलीबाईचा मुलगा कामासाठी पुण्याकडे गेलेला. घरात ती आणि नवी सून मंजू, दोघीच.

मंजू टाक्यापाशी भांडी घासायला बसायची. “खाल्लं का रे?” मला विचारायची. “मले तं आज जेवावंच नाही वाटून राह्यलं.” मग रिसोडकडच्या माहेरच्या गोष्टी सांगायची. नवऱ्याचा फोन आला नाही की नुसतीच पाण्यात बोट फिरवायची आणि मी त्या बोटाभोवती फिरायचो. मला ती फार आवडायची, उघडच सांगतो.

सिस्टर दर आठवड्याला यायच्या. टॉर्च मारून भांडंन् भांडं बघायच्या. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, आमचं टाकं सोडून बाकी साठवलेलं पाणी ओता, भांडी घासून उन्हात पालथी घाला, असा त्यांचा हट्ट. हट्ट बरोबरच होता. पण वस्तीत नळ यायचा आठ-दहा दिवसांनी. भरलेलं पाणी ओतायला कुणाचा हात धजेल? एकदा ओतलं, तर मंजूला लांबच्या हापशीवरून डोक्यावर हंडे वाहावे लागले.

पुढच्या कोरड्या दिवशी सिस्टर यायच्या आधीच कमलीबाईनं एक भरलेला रांजण ढकलत ढकलत कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुशाच्या, ढिगामागं नेला आणि वर पोतं टाकलं.

“आत्याबाई, सिस्टरनं पाह्यलं तं?” मंजू म्हणाली.

“कायले पाह्यते? तुयी मान दुखते न पाणी आणून आणून. राहू दे.”

सिस्टर आल्या, टाकं बघितलं, आमचं कौतुक केलं आणि गेल्या. काही दिवसांनी पोत्याच्या फटीतून डास बाहेर पडू लागले. भरदिवसा, पायांवर पांढरे पट्टे असलेले. माझं खाणं चार हातांवर वाढत होतं आणि मला तिथं जाता येत नव्हतं. ओरडावंसं वाटलं. माशाला आवाज कुठला?

मंजूला ताप आला. डोळ्यांमागं ठणका, अंगावर लाल पुरळ. सिस्टरनी रक्त तपासायला घेतलं आणि तिला ॲम्ब्युलन्सनं वाशीमला पाठवलं. मागोमाग फवारणीवाले आले, धूर झाला, घरोघर पाण्याची भांडी शोधली गेली. कुटारामागचं पोतं उचललं, तर रांजणात आळ्याच आळ्या.

कमलीबाई जमिनीवरच बसली. “तिच्यासाठीच लपोला व्हता म्या,” ती म्हणाली. “तिले तरास नोको म्हणून.”

सिस्टर रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी कमलीबाईला हात देऊन उठवलं. रांजण रिकामा करून घासून घेतला. नळ आल्यावर तो भरला आणि चहाच्या गाळणीनं टाक्यातला एक मासा उचलून त्यात सोडला. तो मी. आणखी पकडायला त्यांना वेळ नव्हता, शेजारच्या घरातही ताप होता.

मंजू वाचली. पण दवाखान्यातून तिचे वडील तिला परस्पर माहेरी घेऊन गेले. परत कधी येईल, कुणी सांगत नाही.

एरवी माझ्याकडे ढुंकून न बघणारी कमलीबाई आता रोज रांजणावरचं फडकं काढते आणि “मंजू येईन न रे?” म्हणून मला विचारते. मी वर येतो, एक गिरकी घेतो. तिचं त्यानं समाधान होत असावं. माझं होत नाही. फडकं पुन्हा बांधलं की आत अंधार होतो. टाक्यातली माझी माणसं इतक्या जवळ असून दिसत नाहीत.

माझं मागणं थोडं आहे. पाणी जपून ठेवा, त्याबद्दल तुम्हाला कोण बोलणार? पण ते लपवू नका. आमच्यातल्या कुणाला तरी त्यात सोडा. फक्त एकट्याला सोडू नका. दोघांना सोडा.