तारेची हाक

एरवी ह्या तुळसाच्या तोंडाले आसगावात कोणी लागत नाही. पण भंडाऱ्याच्या कोर्टात मी साक्षीले उभी राहिली अन् सारा तोरा उतरला.

समोर आरोपीच्या पिंजऱ्यात माहा नवरा, कैलाश. डुकरं धान लोळवतात म्हणून आमी बांधीले, म्हणजे धानाच्या वावराले, तार लावली, तिच्यात करंट सोडला, अन् शेजारचा जागेश्वर तिच्यात मेला. आमचा वकील म्हणे, "हलगर्जी ठरली तं थोडक्यात सुटन. माणूस मरन हे माहीत होतं असं ठरलं तं मोठी सजा. विचारलं तेवढंच सांग, बाई."

आमचा रिवाज असा का दिवस बुडाला म्हणजे मी बांधावरून हाक देत होती, मंगच कैलाश बटन दाबे. हाक आली नाही म्हणजे तार बंद, हे शेजाऱ्यायले पक्कं ठाऊक. त्या दिवशी पाण्याच्या पाळीवरून जागेश्वरसंग माहं भांडण झालं. फुगून बसली मी. एक दिवस नाही ओरडली तं का होते! कैलाशले वाटलं, हाक झाली. पोलिसायले त्यानं माहं नावही सांगतलं नाही. मी हाक देल्ली नाही हे कोणाले समजन, हेच भेव मले वर्सभर खाऊन राहिलं होतं.

आमच्या वकिलानं विचारलं, "तार किती उंच होती?"

"गुडघ्याएवढी. डुकरासाठीच."

तिथंच थांबाचं होतं. पण बाकावर जागेश्वरची बायको जनाबाई माह्याकडे टक लावून पाहून राहिली होती. मले वाटलं, हिले सारं समजलं. घाबरून तोंडातून निघून गेलं, "आमी हाक देत होतो साहेब! त्याही दिवशी देल्ली!"

आमच्या वकिलानं डोळे मिटले. सरकारी वकील उठला, मोठ्या गोडीनं बोलला.

"काय हाक देत होत्या, ताई?"

"तार चालू आहे होऽ, बांधीत येऊ नोका, मराल!"

"रोज?"

"रोज, साहेब. देवाशप्पत."

"म्हणजे माणूस मरेल, हे तुम्हा नवराबायकोला रोज माहीत होतं."

अगा मायवं!

"खोटं बोलली मी साहेब! त्या दिवशी हाक देल्लीच नाही!"

जजसाहेबानं चष्म्यावरून पाहिलं. "आणि बाकीच्या दिवशी?"



पंधरा दिवसानं निकाल लागला. धोका माहीत होता, रोजची हाकच त्याचा पुरावा आहे, असं साहेबानं वाचलं. सात वर्सं. गाडीत चढताना कैलाश म्हणे, "धान कापून घेजो." माह्यावर चिडला असता तं बरं वाटलं असतं.

मी पायरीवर मटकन बसली. जनाबाई जवळ आली. आता झिंज्या धरते, असं वाटून मी मान खाली घातली. तिनं हातही लावला नाही.

"हाक आली नाही म्हणून मीच त्याले बैल आणाले धाडलं होतं व," ते म्हणे. "तुमच्या बांधीतून जवळ पडते म्हणून. एक दिवस ओरडली असती तं का झालं असतं?"