ठकाचा शेवटचा भाग

"पकडू नका रे बाबा त्याला!" गीताबाई टीव्हीकडे बघत कळवळली. "लय गोड हाय मेला!"

"गीताबाई, त्यो ठक हाय. तीन बायका फसवल्यात त्यानं," मी म्हणालो.

"असू द्या की सिद्धलिंगआप्पा. दिसायला बघा तरी!"

शेजारीण पडली, तिच्याशी कोण डोकं लावणार? या मालिकेनं अख्ख्या पाथरीला याड लावलं होतं. हा तिसरा आणि शेवटचा सीझन, आणि आज त्याचा शेवटचा भाग. मला मालिकेशी काही देणंघेणं नव्हतं. पण माझी मुलगी रुद्राणी पाय दुमडून पडद्यासमोर बसली होती आणि राणीसावरगावच्या स्थळाला उद्या सकाळी होय-नाही कळवायचं होतं. बिजवर होता, शाळेत शिपाई, पण माणूस सरळ. तिला विचारलं की एकच उत्तर, "मालिका संपू द्या आप्पा, मग सांगते."

नऊ वर्षांपूर्वी आमच्याही दारात एक असाच रुद्राणीला बघायला आला होता. नाव सांगितलं शिवकांत, गाव उदगीरकडचं. माझ्या बायकोनं, चन्नबसम्मानं, चहा पुढं केला तर म्हणाला, "पूजा व्हायचीय अजून." आंघोळ केली, कपाळभर भस्म लावलं, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि अर्धा तास पापणी न हलवता बसला. झालं! गावाकडं चौकशीला मी गेलोच नाही. लिंग हातात घेणारा माणूस खोटं बोलेल, हे आमच्या लिंगायत लोकांच्या डोक्यातच येत नाही. लग्न लावून दिलं. आठ महिने जावई म्हणून घरात राहिला आणि एका सकाळी 'नोकरीचं बघून येतो' म्हणून गेला तो गेलाच. नाव खोटं, गाव खोटं. पोलिसांनी विचारलं, "नेलं काय त्यानं?" काहीच नेलं नव्हतं, मी काय लिहून देणार? रुद्राणीनं मंगळसूत्र अजून काढलेलं नाही.

म्हणून त्या संध्याकाळी मी, साठी उलटलेला माणूस, टीव्हीसमोर बसून महादेवाला विनवत होतो, देवा, हा तरी सापडू दे. वाटलं, पडद्यावरचा बेड्यांत गेला तर पोरीचे डोळे उघडतील.

आणि सापडला की! पहिली बायको कोर्टात उभी राहिली, त्याच्याकडं बोट करून म्हणाली, हाच तो. त्याला धरून नेलं. गीताबाई पदरानं डोळे पुसत घरी गेली. मी खुशीत टीव्ही बंद केला.

"बघितलंस? शेवटी जेलातच गेला. आता सांग, काय कळवू त्यांना?"

रुद्राणी बंद टीव्हीकडेच बघत होती. मग हळूच म्हणाली, "आप्पा, त्यो बी जेलात असंल का वो?"

"कोण?"

"ह्यांचं म्हणते मी. म्हणूनच येता येईना झालं असंल. आन् आपण नऊ वर्षं उगं नावं ठेवायलोय." तिचा चेहरा एकदम खुलला होता. "तुमी चौकशी करताव का? परभणीला, लातूरला?"

ज्याचं नावच खोटं, त्याला कोणत्या नावानं शोधू, बाई? ओठांपर्यंत आलं होतं. चन्नबसम्मानं चुलीपासून माझ्याकडं बघितलं आणि मान फिरवली.

"करतो," मी म्हणालो.

"आन् राणीसावरगावला न्हाई म्हणून सांगा."

"सांगतो."

ती उठली, ताटं मांडली, जेवायला बसली. कित्येक महिन्यांनी त्या दिवशी तिनं दुसरी भाकरी मागून घेतली.