मे महिन्यातला पाऊस

आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि यशवंतरावांचं यंत्र सांगत होतं की चौबे कॉलनीत काल तीस मिलिमीटर पाऊस पडला.

यशवंतरावांनी उभी हयात पाटबंधारे खात्यात पाऊस मोजण्यात घालवलेली. निवृत्तीनंतर हौसेनं गच्चीवर हे हवामानाचं यंत्र बसवलं. खोटा आकडा म्हणजे त्यांना कुणी तोंडावर शिवी दिल्यासारखं. रायपूर नुकतंच राजधानी झालेलं, जिकडेतिकडे बांधकामं. धूळच घुसली असणार, म्हणत ते हात धुऊन यंत्राच्या मागे लागले. आधी बॅटरी काढायची, नाहीतर धुण्याचं पाणीही पाऊस म्हणून मोजलं जातं. मग नरसाळ्याची जाळी टूथब्रशनं घासायची, आतली पाऊस मोजणारी झुलती वाटी कापसानं पुसायची. आठवड्यातली ही चौथी खेप होती.

मध्यंतरी भाजीत दोनदा मीठ पडलं, एकदा गॅस उघडा राहिला, तेव्हा मुलगी शर्मिष्ठा फोनवर म्हणाली होती, "बाबा, आई को एक बार डॉक्टर को दिखा दो ना." वय झालं तिचं, म्हणून त्यांनी विषय मिटवला. यंत्राच्या पायाशी दोनदा तांब्या सापडला होता. त्याचा विचारच करायचा नाही, असं या शहाण्या माणसानं ठरवून टाकलं होतं. बिघाड यंत्रातच निघू दे, एवढंच त्यांचं देवाकडे मागणं होतं.

आज त्यांनी बॅटरी परत घातली आणि मोजून पाणी ओतलं. आकडा तंतोतंत आला. एरवी ते खूश झाले असते, आज नाही. नोंदवही उघडली. होळीपासून रोज सकाळी दहाच्या सुमाराला पाऊस, आणि प्रत्येक आकड्यापुढे त्यांच्याच अक्षरात 'बिघाड'. दोन-अडीच महिने बायको हातातून निसटत होती आणि हे जाळी घासत बसले होते.

जिन्यात पावलं वाजली. वनमालाबाई भरला तांब्या घेऊन वर आल्या.

"अहो, उन्हात काहून बसले?" असं म्हणत त्यांनी सगळं पाणी नरसाळ्यात ओतलं. कठड्यावरचा चिमण्यांच्या पाण्याचा मातीचा सकोरा कोरडा ठणठणीत होता.

"सकोरा तिकडे आहे, वनमाला."

"मले शिकवता का? मीच तं भरते रोज." त्या हसल्या आणि खाली गेल्या.

पाच मिनिटांनी त्या पुन्हा वर आल्या. तांब्या भरलेला होता.

"अहो, उन्हात काहून बसले?"

आतली वाटी झुलू लागली, टक, टक. यशवंतरावांनी त्यांना अडवलं नाही. अडवून काय होणार होतं? ते तिथेच बसून रडले.

त्या दिवशीच्या आकड्यापुढे त्यांनी काही लिहिलं नाही. संध्याकाळी शर्मिष्ठाचा फोन आला.

"बाबा, वो मशीन ठीक हुई क्या?"

"मशीन बराबर आहे, बेटा," यशवंतराव म्हणाले. "होळीपासून बराबरच होती."