लंबकावरचा पैसा

मित्रांनो, माझ्यावर विश्वास ठेवण्याआधी स्वतःचं घड्याळ बघून घ्या. मी रागावणार नाही. माझं सारं आयुष्य संशयात गेलं. काही संशय लोकांनी माझ्यावर घेतले, काही मी लोकांवर घेतले, आणि त्यांतला सर्वांत मोठा चुकीचा निघाला.

मी भिंतीवरचं जुनं लंबकाचं घड्याळ. माझा लंबक जवळजवळ एक मीटर लांब आहे, आणि त्याच्या टोकाला सात किलोचा पितळी गोळा आहे. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला त्याला एक सेकंद लागतो. ज्या कारागिराने मला जुळवलं, त्याने सहा आठवडे रोज माझी चूक टिपली आणि मगच मला विधानसभेत पाठवलं. आमचं राज्य थंड, लाकडाच्या आणि कागदाच्या गिरण्यांचं. सभागृहात मधल्या वाटेच्या बरोबर वर मला टांगलं. डावीकडे एक पक्ष बसे, उजवीकडे दुसरा. माझा लंबक दोघांकडे सारखाच जाई, पण दोघांनाही वाटे की मी पलीकडे जरा जास्त रेंगाळतो.

आमच्या राज्यघटनेत लिहिलं आहे की जूनमधल्या ठरलेल्या दिवशी दुपारी बारा वाजता अधिवेशन संपतं. बारा कोणाचे, तर माझे. मनगटावरच्या घड्याळांना तिथे किंमत नाही. मग काम उरलं की एक चाल खेळली जाई. अकरा बावन्नला द्वारपाल शिडी लावायचा आणि माझा लंबक हाताने थांबवायचा. बाहेर ऊन कलायचं, लोकांना भूक लागायची, आणि सभागृहात अकरा बावन्नच असायचे. तिथल्या भाषेत उशिराला ‘बावन्न झाले’ असंच म्हणत. खरं सांगतो, मला लाज वाटायची. मी चुकलो असतो तर वेगळं. मला खोटं बोलायला लावलं जात होतं.

लोर्ना पेल्की पहिल्यांदा निवडून आली तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. जमिनीची मोजणी करणं हा तिचा धंदा. मधल्या वाटेलगतच्या खुर्चीवर ती बसली, माझ्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या मनगटाकडे. म्हणजे ही बाई मला तपासत होती! त्याच क्षणी ती माझ्या मनातून उतरली.

पुढे ती एका पक्षाची असून नदीच्या धरणाच्या प्रश्नावर दुसऱ्या पक्षाबरोबर मत देऊन मोकळी झाली. तिचेच लोक म्हणाले, “लोर्ना, तुझी खुर्ची आहे की झोपाळा?” पलीकडचे म्हणाले, “ही आपल्या चुलीवर काय शिजतंय ते हुंगायला आली आहे.” मलाही तसंच वाटे. माझा लंबक मध्यातून जातो, पण तिथे थांबत नाही; मध्यावर तो सर्वांत वेगात असतो. लंबक मध्ये थांबलेला दिसला तर समजावं, घड्याळ बंद आहे. ही बाई मध्येच बसून काय करते?

बावीस वर्षांनी ती राज्याची निवडून आलेली प्रमुख, म्हणजे गव्हर्नर, झाली, अगदी थोड्या मतांच्या फरकाने. तिने दोन्ही पक्षांचे लोक कामावर घेतले. दर मंगळवारी दोन्ही नेत्यांना ती नाश्त्याला बोलवायची. शेंगदाण्यांएवढ्या घेवड्याच्या बिया, मातीच्या भांड्यात रात्रभर शिजवलेल्या, आणि काळा पाव. नाश्ता होताच दोन्हीकडचे लोक आपापल्या नेत्याला गाठायचे: “त्यांना काय मिळालं?”

तिच्या पहिल्याच वर्षी मला थांबवलं गेलं, आणि त्या गोठलेल्या तीन तासांत एका कायद्यात गुपचूप एक ओळ शिरली. कोणी घातली ते आजवर कळलेलं नाही. पेल्कीने तो कायदा परत पाठवला आणि नाश्त्याच्या टेबलावर शब्द दिला, “मी असेपर्यंत घड्याळ थांबणार नाही. कोणासाठीच नाही.”

मी मनात म्हटलं, बघू.

आता आर्मांड वेलेटबद्दल सांगतो. चाळीस वर्षं तो मला किल्ली देत होता. पेल्कीच्या तिसऱ्या वर्षी, जानेवारीत, थंडीने माझं तेल घट्ट झालं आणि मी रोज चार सेकंद मागे पडू लागलो. आर्मांडने लंबकाच्या दांडीवर, मधोमध असलेल्या छोट्या फळीवर, एक तांब्याचा पैसा ठेवला. एवढ्याशा वजनाने लंबक जरा लवकर झुलतो. मी पुन्हा बरोबर झालो. महिनाअखेरीस आर्मांड निवृत्त झाला.

त्याच्या जागी कोणाला नेमायचं? प्रत्येक पक्षाला वाटलं, दुसरा आपला माणूस घुसवेल. शेवटी ठरलं की दर सोमवारी दोन्हीकडचा एकेक माणूस येईल आणि मिळून किल्ली देईल. ते यायचे. एक किल्ली फिरवायचा, दुसरा त्याच्या हातांवर डोळा ठेवायचा. माझ्या तोंडाकडे मात्र कोणी पाहिलं नाही. फेब्रुवारीत एक कारागीर माझं तेल बदलून गेला. पैसा त्याला दिसलाच नाही. आता तेल पातळ आणि पैसा जागेवर, म्हणजे मी रोज चार सेकंद पुढे जाऊ लागलो. जूनपर्यंत सव्वाशे दिवस झाले. पाचशे सेकंद! आठ मिनिटांहून जास्त.

काहींच्या ते लक्षात आलं होतं. पण प्रत्येकाने मानलं की हे पलीकडच्यांचं कारस्थान, आणि वेळ आल्यावर उघडं पाडू म्हणून प्रत्येक जण गप्प राहिला.

शेवटच्या दिवशी सेंट ओडिलच्या दवाखान्याचं विधेयक मताला येणार होतं. ते पडलं असतं तर उत्तरेकडचा एकमेव प्रसूती विभाग जुलैत बंद झाला असता. आर्मांडची नात झोझेट तिथलीच, ऑगस्टमध्ये बाळंत होणार होती. पुढचा दवाखाना दोन तासांवर. म्हातारा सकाळपासून वरच्या सज्जात टोपी मुठीत धरून बसला होता. पेल्कीने या विधेयकासाठी दोन वर्षं दोन्हीकडच्यांची मनधरणी केली होती. विरोधकांचे नेते हॉलिस क्रँडल यांनी मात्र आपले लोक लांबलचक भाषणांना उभे केले होते. बारा वाजले की विधेयक आपोआप मरणार होतं.

माझ्यात अकरा छप्पन झाले. मतं घ्यायलाच आठ मिनिटं लागतात. पेल्की दारात येऊन उभी राहिली.

“काय गव्हर्नरबाई,” क्रँडल मोठ्याने म्हणाले, “शिडी मागवू का? की शब्द पाळणार?”

तिच्या बाजूचा एक जण कळवळून म्हणाला, “लोर्ना, एकदाच! बायका रस्त्यात बाळंत होतील गं!”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मनगटाकडे. तिचा चेहरा उतरला. मित्रांनो, मला वाटलं, आता हिचं खरं रूप दिसणार. मी पुढे आहे हे तिला कळलं होतं. पण हात लावला असता तर ते हुबेहूब त्या जुन्या लबाडीसारखंच दिसलं असतं.

“थांबवायचं नाही,” ती म्हणाली. “पण ते बरोबर आहे का, हे बघायला हवं.”

क्रँडल हसले. “वा! थांबवायचं नाही, मागे करायचं. मोजणीवाल्या बाईंनी नवी वाट काढली!”

एवढ्यात सज्जातून आर्मांड ओरडला, “अहो, पैसा ठेवलाय! मी ठेवला होता पैसा!”

सभागृहात एकदम गलका झाला. “कोणाला दिला? किती दिला?” दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बोटं दाखवू लागले.

“अरे बाबांनो, दिला नाही, ठेवला! लंबकावर! घड्याळाच्या पोटात!”

पेल्कीने शिडी स्वतः ओढत आणली. “हॉलिस, तुमचा माझ्यावर सर्वांत कमी विश्वास आहे. म्हणून तुम्हीच चढा.”

अडुसष्ट वर्षांचे क्रँडल धापा टाकत चढले. तिने खालून शिडी धरली. त्यांनी माझं काचेचं दार उघडलं आणि पैसा उचलला. त्याच्यावर महिन्यांची धूळ होती आणि खाली त्याचाच गोल, स्वच्छ डाग. पैसा आज कोणी ठेवलेला नव्हता, हे त्या डागावरून त्यांना दिसलं. मग त्यांनी स्वतःच्या घड्याळाबरहुकूम माझा काटा मागे घेतला.

“अकरा पन्नास,” ते कोरडेपणाने म्हणाले. “घ्या मतं.”

विधेयक दोन मतांनी मंजूर झालं. क्रँडलनी विरोधातच मत दिलं. त्यानंतर मी बाराचा पहिला ठोका दिला, आणि त्याच क्षणी गावातल्या अग्निशमन केंद्राचा दुपारचा भोंगा वाजला. त्या ठोक्याइतका मी कधीच सुखावलो नव्हतो.

पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र आलं: शिडीवर क्रँडल, खाली शिडी धरलेली पेल्की. एका पक्षाचे लोक म्हणाले, दोघांचं संगनमत. दुसऱ्या पक्षाचे लोकही तेच म्हणाले. पुढच्या निवडणुकीत दोघंही हरले. तो पैसा आणि तो डाग बघायला मात्र कोणी आलं नाही. सभागृहात विजेचं घड्याळ लागलं आणि मी तळघरात गेलो. तिथे तीन वर्षं माझा लंबक मध्यावर थांबून होता. तेव्हा मला उमगलं की ती बाई कधीच थांबलेली नव्हती. मी नुसता संशय घेत राहिलो. तिने दर वेळी तपासून पाहिलं होतं.

आर्मांडने खटपट करून मला सेंट ओडिलच्या दवाखान्यात आणलं. आज परिचारिका बाळांच्या जन्माच्या वेळा माझ्याकडे बघून लिहितात. झोझेटची मुलगी माझ्याखाली उड्या मारते.

मित्रांनो, संशय घ्यायचा तर जरूर घ्या. पण तो घरी नेऊन पाळू नका. दार उघडा, आत काय आहे ते बघा. तेल लागतं का, धूळ बसली आहे का, कोणाचा विसरलेला पैसा आहे का, ते पाहा. वस्तूंना याहून जास्त काही नको असतं. माणसांचंही बहुधा तसंच असावं.

मागच्या आठवड्यात लोर्ना पेल्की एका ओळखीच्या बाळंतिणीला भेटायला आली होती. केस पूर्ण पांढरे, बुटांना शेतातला चिखल. जाताना ती थबकली. माझ्याकडे पाहिलं, मग मनगटाकडे. मी दोन सेकंद मागे होतो.

तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि माझं दार उघडलं.