एंटर तेवढं मास्तरांनी दाबायचं

मास्तर तंत्रशाळेत लेथ मशीन शिकवायचे, पण त्यांचा जीव अडकला होता एका ऑपरेटिंग सिस्टीममध्ये. ही सिस्टीम कुणाच्या मालकीची नव्हती. जगभरातल्या हौशी माणसांनी मिळून ती घडवली होती, तिचा कोड सगळ्यांना खुला होता, आणि ज्याला हवी त्याने ती स्वतःच्या हाताने कॉम्प्युटरवर बसवून घ्यायची होती. बसवायची म्हणजे बटण दाबून मोकळं व्हायचं नाही. काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टाइप करायची, डिस्कचे भाग पाडायचे, एकेक तुकडा जागेवर नेऊन ठेवायचा. एक अक्षर चुकलं की बोंबला.

सुट्टीच्या दिवशी तंत्रशाळेच्या मागच्या खोलीत मास्तर हे शिकवायचे. सूचनाही त्यांनीच लिहून काढल्या होत्या, आणि त्या दूरदूरची माणसं वापरायची. "आयतं मिळालेलं बिघडलं की माणूस हातावर हात धरून बसतो," ते म्हणायचे. "आत्ता चुका, म्हणजे पुढे अडणार नाही."

त्या खोलीत तयार झालेला त्यांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी म्हणजे गडबड्या. आता तो मोठ्या कंपनीत प्रोग्रॅमर होता, केस पिकू लागले होते, पण मास्तरांनी ठेवलेलं नाव काही पुसलं गेलं नव्हतं. या गडबड्याने एक दिवस स्वतः लिहिलेला इन्स्टॉलर आणला. तो चार प्रश्न विचारायचा आणि बाकी सगळं आपोआप करायचा.

"माझ्या आईलाही जमलं पाहिजे, म्हणून केला," गडबड्या म्हणाला.

"मग आईला तू बसवून दे. मुलगा कशाला आहे तिला?" मास्तर म्हणाले. खोलीतले सगळे हसले, आणि तिथेच ठिणगी पडली. शब्दाने शब्द वाढला. मास्तर म्हणाले, तू लोकांना चालायला शिकवत नाहीस, कडेवर घेतोयस. गडबड्या म्हणाला, तुम्ही दाराला कुलूप घालता आणि आतून ओरडता, या, या, सगळ्यांचं स्वागत आहे! त्या दिवशी तो गेला तो परत फिरकला नाही. मास्तरांनीही फोन केला नाही. दोघंही झुरत होते, पण आधी कोण वाकणार?

मग मास्तरांना विसरायला होऊ लागलं. आधी किल्ल्या, मग विद्यार्थ्यांची नावं. एकदा लेथसमोर उभे राहून ते लोखंडाचा तुकडा पकडून ठेवणारा चक कुठल्या बाजूला फिरवला की सैल होतो ते आठवत राहिले, आणि सगळा वर्ग खाली मान घालून उभा राहिला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. या वयात सहसा होत नाही, असंही सांगितलं, जणू त्याने काही फरक पडणार होता. नोकरी सुटली.

घरी त्यांनी सवयीने कॉम्प्युटरमधलं सगळं पुसून टाकलं आणि सिस्टीम नव्याने बसवायला घेतली. निम्म्यावर अडकले. मग रोज तेच. त्यांची बायको दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवायची. ती संध्याकाळी घरी आली की मास्तर काळ्या पडद्यासमोर दिसायचे. कर्सर लुकलुकत असायचा आणि मास्तरांचे हात मांडीवर असायचे.

"अहो, सूचना आहेत ना. वाचून दाखवू?" तिने विचारलं.

तिने वाचल्या. मास्तर मन लावून ऐकत होते.

"कुणी लिहिलंय हे?"

"एका मास्तरांनी."

"चांगलं लिहिलंय. माणूस जरा कडक दिसतोय."

"आहे खरा," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने गडबड्याला फोन केला. तो लगेच आला. दारात उभा असताना त्याचा चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा झाला होता. वाटेत त्याने काय काय जुळवून ठेवलं होतं कुणास ठाऊक.

"अरे गडबड्या!" मास्तर उठून पुढे आले, त्याचे दोन्ही खांदे धरले. "बऱ्याच दिवसांनी? ये, ये. आई बरी आहे ना?"

भांडण त्यांच्या डोक्यातून साफ गेलं होतं. गडबड्याला रडू आवरेना. "वहिनी," तो नंतर मास्तरांच्या बायकोला हळूच म्हणाला, "मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

त्याने आपला इन्स्टॉलर लावला. मास्तर खुर्चीत बसले, गडबड्या मागे उभा राहिला. भाषा कोणती? मास्तरांनी निवडली. कॉम्प्युटरचं नाव? तेही दिलं. मग पासवर्ड, आणि खाली तोच पासवर्ड पुन्हा.

मास्तरांनी एक लिहिला. दुसऱ्या चौकटीपर्यंत येईतो तो विसरले. पडद्यावर लाल ओळ आली : दोन्ही पासवर्ड जुळत नाहीत. त्यांनी परत लिहिलं. परत लाल ओळ. बायकोने सुचवलं, आपलं नावच घाला. त्यांनी मान हलवली, पहिल्या चौकटीत घातलं, आणि दुसरीत काहीतरी वेगळंच.

"काय म्हणतोय हा?" त्यांनी वळून विचारलं.

"काही नाही मास्तर. त्याची चूक आहे," गडबड्या म्हणाला. ती लाल ओळ त्यानेच लिहिलेली होती. जगातल्या कुणाही माणसाला जमेल, असं म्हणत तो मास्तरांशी भांडला होता.

त्या आठवड्यात तो कामावर गेलाच नाही. घरी बसून त्याने इन्स्टॉलर पार उलगडला आणि एकेक प्रश्न काढून टाकला. पुन्हा आला तेव्हा त्याच्या पेन ड्राइव्हवर काहीही न विचारणारी सिस्टीम होती. लावायची आणि बघत बसायचं. मास्तर खुर्चीत बसले. एक पट्टी भरत गेली, पडदा उजळला, सगळं तयार झालं.

मास्तरांनी हात कीबोर्डवर ठेवले, उचलले, परत ठेवले.

"मग मी काय करायचं?" ते म्हणाले.

गडबड्याने मास्तरांच्या बायकोकडे पाहिलं. मास्तर अजून वाट बघत होते, कुणीतरी सांगेल म्हणून.

तो गेल्यावर तिने उजळलेला पडदा बंद केला. पुढच्या संध्याकाळी लॅबमधून आल्यावर तिने डिस्क पुसली, मास्तरांच्या सूचना कागदावर छापून दिव्याला टेकवून ठेवल्या, आणि त्यांच्याशेजारी दुसरी खुर्ची ओढली. कॉम्प्युटरमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण कवळी घडवताना केसाएवढा उंचवटाही माणसाला जेवू देत नाही, हे तिला माहीत होतं, त्यामुळे एकेक अक्षर बघून लिहायची सवय होती. ती आज्ञा वाचायची, टाइप करायची. एंटर तेवढं मास्तरांनी दाबायचं.

"दाबा."

मास्तर दाबायचे. पडद्यावर ओळी सरसर पळायच्या आणि ते खूश व्हायचे. "झालं?"

"झालं. आता पुढचं."

कुठेतरी चुकायचंच. उद्या पुन्हा पहिल्यापासून. त्या संध्याकाळी बऱ्या गेल्या. मास्तर कधीकधी मध्येच "स्पेस राहिली," म्हणायचे, आणि खरंच राहिलेली असायची. तेव्हा ती त्यांच्याकडे बघत राहायची, पण तेवढ्यात ते परत हरवलेले असायचे.

मग त्यांचं बोट येईनासं झालं. "दाबा" म्हटलं तरी ते खिडकीबाहेर बघत राहायचे. तिने हात धरून कीबोर्डवर ठेवला तर तसाच राहायचा. मग ते खिडकीपाशीच बसू लागले, आणि ती टेबलाशी एकटी. तरीही तिने सोडलं नाही. सोडलं असतं तर त्या वेळेला घरात करण्यासारखं दुसरं काही उरलंच नसतं.

एका सुट्टीच्या दुपारी सगळं बरोबर झालं. शेवटची आज्ञा दिली, मशीन बंद होऊन सुरू झालं, आणि कुठलीही तक्रार न करता सिस्टीम उभी राहिली.

"अहो! झालं बघा!" ती ओरडली. धावत जाऊन तिने त्यांना हाताला धरून टेबलापाशी आणलं.

मास्तरांनी पडद्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहून अदबीने हसले.

"छान. तुम्हाला येतं वाटतं हे?"

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. रागावले तरी नाही.

"येतं थोडं," ती म्हणाली. तिने त्यांना खिडकीपाशी नेऊन बसवलं, पाणी दिलं, शाल नीट केली. मग आतल्या खोलीत जाऊन गडबड्याला फोन लावला.

"सिस्टीम बसली रे."

"माझी?"

"नाही. मास्तरांच्या पद्धतीची. हाताने."

"मास्तर काय म्हणाले, वहिनी?" त्याने विचारलं.

"छान म्हणाले," तिने सांगितलं. पुढचं तिला सांगता आलं नाही. फोन तसाच कानाला धरून ती पलंगाच्या कडेवर बसली आणि तोंडात पदराचा बोळा धरून रडली, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.